पश्चिमेच्या खिडकीतलं उन्हाळी ऊन आणि घरातली झाडं

मीनल_प
नमस्कार मंडळी. हॉलला मोठी सरकती काचेची खिडकी आहे, तोंड पश्चिमेला. खिडकीच्या आत दीड फूट रुंद कट्टा आहे आणि तिथे झाडं लावायची माझी फार इच्छा आहे. अडचण अशी की उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास जे ऊन आत शिरतं ते सूर्य मावळेपर्यंत हटत नाही, कट्ट्याच्या फरशीवर हात ठेववत नाही. याद्या खूप वाचल्या पण जिथे बघावं तिथे प्रत्येक झाडापुढे 'ब्राइट इनडायरेक्ट लाइट' लिहिलेलं, म्हणजे माझ्या कट्ट्यावर काय ठेवायचं ते काही कळत नाही. तर दोन गोष्टी सांगा, एक म्हणजे थेट ऊन सोसून छान दिसतील अशी झाडं कोणती, आणि दुसरं उन्हाळ्यात पाणी कसं द्यायचं. घरात एक मांजर आहे, पानं चघळायची सवय आहे तिला.

रानवारा
अडेनियम, जेड, कोरफड, स्नेक प्लांट, काटेरी युफोर्बिया. डोळे मिटून लावा. सवय झाली की ही सगळी ऊन सोसतात.

निशिगंधा
रानवारा, मांजर आहे म्हणाल्यात हो त्या! तुमच्या यादीतलं एकही झाड चघळणाऱ्या मांजरासाठी चालणार नाही. अडेनियमच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, युफोर्बियाचा पांढरा चीक तर माणसाच्याही डोळ्यात गेला तर फार त्रास देतो. कोरफड, जेड, स्नेक प्लांट खाल्ल्यावर मांजरांना उलट्या-जुलाब होतात. कालांचो पण नको. आणि लिलीचं कुठलंही फूल मांजर असलेल्या घरात आणूच नका, मूत्रपिंडं निकामी होतात, परागकण अंगावर पडून चाटले तरी पुरे होतं.

रानवारा
बरोबर आहे, मांजराचं वाक्य नजरेतून सुटलं. ज्यांच्याकडे प्राणी नाहीत त्यांच्यासाठी यादी राहू दे.

खिडकीतून
झाडाची नावं नंतर, आधी उजेड मोजा असं माझं म्हणणं आहे. आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही कारण बाहुली लहान-मोठी होऊन सगळं सारखंच दाखवते, त्यामुळे खोलीतला कोपरा आणि खिडकीचा कट्टा यात आपल्याला फार फरक जाणवत नाही, झाडाला मात्र प्रचंड जाणवतो. आकडे सांगतो. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात. मोकळ्या आकाशाखाली पण सावलीत १० ते २० हजार. खिडकीजवळ ऊन न पडणाऱ्या जागी दोन-पाच हजार मिळाले तरी खूप, आणि खोलीत आत सरकलात की काही शे वर येतं. मोबाइलवर लक्स मोजणारी अ‍ॅप मिळतात, अगदी अचूक नसतात पण दोन जागांची तुलना करायला पुरतात.

अ‍ॅप नको असेल तर हाताची सावली बघा. जिथे झाड ठेवायचंय तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर फूटभर हात धरा. बोटं स्पष्ट कापल्यासारखी दिसली तर थेट ऊन. कडा विरलेल्या पण हात आहे हे कळतंय, तर ते तुमचं 'ब्राइट इनडायरेक्ट'. नुसता धूसर डाग दिसला तर कमी उजेड. हे सकाळी, दुपारी दोनला आणि पाचला असं तीनदा करून बघा, एकाच कट्ट्यावर तिन्ही उत्तरं वेगळी येतील.

मीनल_प
हे फारच उपयोगी! आत्ताच केलं, बोटं अगदी स्पष्ट. पण कट्ट्याच्या डाव्या टोकाला, जिथे भिंत आडवी येते, तिथे कडा विरलेल्या आहेत.

खिडकीतून
मग तुमच्याकडे एक नाही, दोन जागा आहेत. वेगवेगळी झाडं लागतील.

कुंडीतला_माळी
वर सगळं ठीक आहे पण सगळ्यात मोठी गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. झाड कुठलं आहे याइतकंच ते आत्तापर्यंत कुठे वाढलंय हे महत्त्वाचं. नर्सरीत बरीचशी झाडं शेडनेटखाली असतात. सावलीत उगवलेलं पान मोठं आणि पातळ असतं, उन्हात उगवलेलं लहान, जाड, आतल्या हिरव्या पेशींचे थर जास्त. आणि सावलीत तयार झालेलं पान नंतर उन्हात ठेवलं म्हणून जाड होत नाही. थोडंफार जुळवून घेतं, पण खरं जुळवून घेतात ती नवी येणारी पानं. म्हणून अगदी उन्हातलं म्हणून प्रसिद्ध असलेलं निवडुंगसुद्धा एकदम पश्चिमेच्या काचेशी ठेवलं तर भाजतं.

भाजलं कसं ओळखायचं तर जो भाग उन्हाकडे तोंड करून असतो नेमका तिथेच आधी फिकट पांढुरका चट्टा येतो, मग तो बदामी होतो आणि कागदासारखा कोरडा पडतो. त्याच पानाचा जो भाग दुसऱ्या पानाच्या सावलीत होता तो हिरवागार, मध्ये सरळ रेघ. तो चट्टा पुन्हा हिरवा होत नाही. पान निम्म्याहून जास्त चांगलं असेल तर कापू नका, झाडाला त्याचा अजून उपयोग असतो.

तर नवीन झाड आणलं की आधी कट्ट्यापासून तीन-चार फूट मागे, दोन-तीन दिवसांनी थोडं पुढे, मग नेटच्या पडद्याआड कट्ट्यावर, मग पडदा रोज थोडा थोडा वेळ बाजूला. दोन आठवडे यात घालवा. भर उन्हाळ्यात आणलं असेल तर तीन.

बोरकर_सु
माझा अनुभव जरा वेगळा आहे. आमची खिडकी दक्षिणेची आणि मी नवीन झाडं सरळ काचेशी ठेवते, काही होत नाही.

कुंडीतला_माळी
दक्षिणेची आहे म्हणूनच! उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत फारसं येतच नाही, सज्जा असेल तर अजिबात नाही. थंडीत सूर्य खाली असतो तेव्हा तीच खिडकी ऊन आतपर्यंत घेते. पश्चिमेचं उलट. उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्याही थोडा उत्तरेकडे मावळतो, संध्याकाळचं तिरपं ऊन थेट काचेतून आत येतं आणि तोवर दिवसभर हवाही तापलेली असते. पूर्वेच्या खिडकीत ऊन तेवढंच पण हवा गार, म्हणून तिथे झाडं जास्त सुखात राहतात. थंडीत एकदा बघा, जे झाड आत्ता काचेशी मजेत आहे त्याच्यावर तेव्हा जास्त ऊन पडेल.

बोरकर_सु
अच्छा, हे कधी असं लक्षात आलं नव्हतं. थंडीतच पानं पिवळी का पडतात हा प्रश्न होताच, आता तेव्हा नीट बघेन.

जास्वंद२
मला क्रोटनची शिफारस करायची आहे (मांजर नसलेल्यांसाठी, त्याचा चीक त्रासदायक असतो). उजेड कमी पडला की क्रोटन नुसतं हिरवं होऊन बसतं, भरपूर उजेड मिळाला की लाल, केशरी, पिवळा असे रंग येतात की बघत राहावं. फक्त त्याला जागा बदललेली आवडत नाही. नवीन घरी आणलं की खालची पानं गाळतं, घाबरायचं नाही आणि घाबरून अजून एकदा जागा तर मुळीच बदलायची नाही. कोलियस आणि जांभळी ट्रेडस्कॅन्शिया पण उजेडात रंग धरतात.

एक मात्र, पांढरे पट्टे असलेली पानं कडक उन्हापासून लांब ठेवा. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, पहिला तोच करपतो. पांढरा मनीप्लांट हवा असेल तर त्या डाव्या टोकाला ठेवला असता, पण मांजरामुळे तोही बाद.

ओंकार_दु
पाण्याचं सोपं आहे, उन्हाळ्यात रोज दोन वेळा. सकाळी आणि संध्याकाळी.

निशिगंधा
सक्युलंटला (जाड, पाणी साठवणाऱ्या पानांची झाडं) रोज दोन वेळा? आठवड्यात मुळं सडतील त्यांची.

ओंकार_दु
मी गच्चीतल्या कुंड्यांचं बोलतोय, तिथे दोनदा घालूनही कमी पडतं.

कुंडीतला_माळी
दोघंही आपापल्या जागी बरोबर. गच्चीत वारा असतो, कुंडी चारी बाजूंनी तापते, तिथे पाणी भराभर उडतं. घरात वारा नाही. म्हणून दिवस मोजून पाणी द्यायचं नाही. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं, तिथे ओल लागली तर थांबायचं. लहान कुंडी असेल तर उचलून बघा, पाणी घातल्यावर किती जड लागते ते हाताला कळलं की पुढे बोटही घालावं लागत नाही. सक्युलंट असेल तर माती पूर्ण वाळू द्यायची आणि मग खालून निघेपर्यंत भरपूर. चमचा-चमचा रोज घालणं सगळ्यात वाईट, वरचा इंचभर भाग ओला राहतो आणि खाली मुळं कोरडी.

आणि दुपारी पानं मलूल दिसली की लगेच तांब्या घेऊन धावू नका. कडक उन्हात पानातून पाणी जातं त्या वेगाने मुळं वर पाठवू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही पान मान टाकतं. संध्याकाळी आपोआप ताठ होतं. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही मलूल असेल आणि माती कोरडी असेल, तर तहान. माती ओली असून सकाळीही मलूल, तर मुळांचं काहीतरी बिघडलंय, तिथे पाणी वाढवणं म्हणजे आजार वाढवणं.

सई_ग
कोकोपीटबद्दल (कुंडीत मातीऐवजी वापरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा) मला एक जोडायचंय कारण हे फार जणांना छळतं. कोकोपीट एकदा ठणठणीत वाळलं की पाणी धरत नाही. कुंडीच्या कडेपासून ते आक्रसून सुटतं, बोट जाईल एवढी फट पडते, तुम्ही वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली ताटलीत येतं आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यायलं. आत मधला गोळा मात्र कोरडा ठाक. अशी कुंडी बादलीत पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि नीट निथळू द्या. आम्ही तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळ्या कुंड्यांची अशी आंघोळ करतो आणि मग मातीवर नारळाच्या सोडणांचे तुकडे पसरतो.

पल्लवी_रा
दुपारी पाणी घातलं आणि पानावर थेंब राहिले तर भिंगासारखं काम करून पान जळतं ना? आई नेहमी ओरडायची.

खिडकीतून
यावर खरोखर प्रयोग झालाय, २०१० मध्ये 'न्यू फायटोलॉजिस्ट' या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात आला होता. काचेचे गोल मणी पानांवर ठेवले तर उन्हात डाग पडले, पण गुळगुळीत पानांवरच्या पाण्याच्या थेंबांनी पडले नाहीत. थेंब पानाला चिकटून चपटा होतो, त्यामुळे किरण एकवटायची जागा पानाच्या पार खाली जाते, शिवाय पाणी गारवा देतं आणि उडूनही जातं. लव असलेल्या पानांवर थेंब केसांवर अधांतरी राहतो, तिथे शक्यता असते. आईचं दुपारी पाणी न घालण्याचं म्हणणं तरीही चांगलंच, कारण सकाळी घातलेलं पाणी मुळांना दिवसभर मिळतं.

रानवारा
पानांवर फवारा मारून दमटपणा वाढतो असंही सगळे म्हणतात. पाच-दहा मिनिटांत सगळं उडून जातं. झाडं एकमेकांजवळ ठेवली तर त्याहून बरं.

अनघा_
थोडं अवांतर, पण एवढी झाडं लावली की घरातली हवा शुद्ध होते हा फायदा आहेच ना? नासानेच सांगितलंय.

खिडकीतून
नासाचा १९८९ चा अहवाल छोट्या बंद पेट्यांमध्ये केलेल्या प्रयोगांचा होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला आणि त्यात असं निघालं की खिडकी-दारांतून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील.

अनघा_
बाप रे, मग आपण राहायचं कुठे! असो, मला झाडं नुसती दिसली तरी बरं वाटतं, तेवढं पुरे.

निशिगंधा
आता लाल कोळ्याबद्दल (पानाचा रस शोषणारा अगदी बारीक जीव) लिहिते कारण गरम कोरड्या खिडकीतला हाच सगळ्यात मोठा शत्रू. सुरुवातीला पानावर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके दिसतात, पान मातकट, निस्तेज होतं, आणि आपण समजतो ऊन जास्त झालं. पान उलटं करून उजेडाकडे धरा. शिरांच्या बाजूला हलणारे कण दिसतील, देठाच्या बेचक्यात अगदी बारीक जाळी. नाही दिसलं तर पांढऱ्या कागदावर पान झटका आणि थोडं थांबा, कागदावरची धूळ चालायला लागली की समजा आहेत. बोटाने पुसलं तर तपकिरी-लालसर रेघ उमटते.

हे कीटक नाहीत, आठ पायांचे आहेत, त्यामुळे साधी कीटकनाशकं बऱ्याचदा त्यांच्यावर चालत नाहीत. आधी झाड वेगळं करा, बाथरूममध्ये नेऊन पानांची खालची बाजू जोरदार पाण्याने धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि दोन-चार थेंब सौम्य द्रवसाबण, नीट ढवळून पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. उकाड्यात अंड्यापासून मोठा कोळी व्हायला साधारण आठवडाच लागतो म्हणून एकदा फवारून भागत नाही, पाच-सहा दिवसांनी पुन्हा, असं निदान तीनदा करा. आणि हे फक्त सूर्य मावळल्यावर. तेलकट पान उन्हात ठेवलं की करपतंच. सक्युलंटच्या पानांवर जो पांढरा भुकटीसारखा थर असतो तो तेलाने निघून जातो आणि परत येत नाही, तिथे नुसतं पाणीच वापरा.

ओंकार_दु
हे वाचून उठलो आणि गच्चीतल्या गुलाबाची पानं उलटून बघितली. जाळी आहे. आज संध्याकाळी धुतो.

सई_ग
कुंड्यांचा रंगही बघा. काळी पातळ प्लास्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात इतकी तापते की उन्हाकडच्या बाजूची मुळं मरतात, झाड काढून बघितलं तर एका बाजूला मुळंच नसतात. ती कुंडी मोठ्या फिक्या रंगाच्या कुंडीत ठेवायची, मधल्या फटीत हवा राहते. मातीची कुंडी बाजूंनी पाणी सोडते म्हणून गार राहते, पण अर्थात लवकर वाळते. पान काचेला टेकू देऊ नका. आणि भर उन्हाळ्यात कुंडी बदलणं, जोराची छाटणी, भरपूर खत असं काही करू नका, कोरड्या मातीत तर खत अजिबातच नाही.

मीनल_प
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्न परत विचारते, मांजर चघळेल हे धरून त्या तापलेल्या कट्ट्यावर नक्की काय ठेवू?

निशिगंधा
कट्ट्याच्या उन्हाच्या भागात पोनीटेल पाम. नावात पाम असलं तरी पाम नाही, अगेव्हच्या कुळातलं आहे, बुंध्याचा फुगलेला गोळा पाणी साठवतो म्हणून ऊन आणि विसर दोन्ही सोसतो. मांजरांना विषारी नाही. लांब पानं लोंबतात म्हणून मांजर खेळेल फार, म्हणून जड कुंडी घ्या. त्याच्या शेजारी एचेव्हेरिया, तीही सुरक्षित. तिला उन्हात घट्ट गुलाबासारखा आकार राहतो, उजेड कमी पडला की मान लांब करून विस्कटते. फार उकाड्यात मात्र ती वाढ थांबवून बसते, तेव्हा पाणी कमी.

जास्वंद२
डाव्या टोकाला होया लावा. मांजराला चालतो. जाड मेणचट पानं, पुरेसा उजेड मिळाला तर चांदण्यांचे गुच्छ येतात. फुलं गळल्यावर जो छोटा दांडा राहतो तो कापू नका, पुढच्या वेळी त्याच दांड्यावर पुन्हा फुलं येतात. दुपारचं थेट ऊन मात्र त्याला पडद्याआडूनच. हॉवर्थिया पण त्याच कोपऱ्यात बसेल.

रानवारा
आणि एका पसरट भांड्यात थोडे गहू पेरा. आठवड्याभरात गवत येतं, मांजराला चघळायला तिचं स्वतःचं काहीतरी. बाकी झाडांना ती कमी त्रास देते असं आमच्याकडे तरी दिसलंय. कट्ट्यावर तिला बसायला जागा मोकळी सोडा, नाहीतर ती एखादी कुंडी खाली ढकलून जागा करून घेईल.

मीनल_प
हा हा, नक्की सोडते! पोनीटेल, दोन एचेव्हेरिया आणि होया, एवढ्यावरच सुरुवात करते, आणि उन्हाळा उतरेपर्यंत कट्ट्यावर नेटचा पडदा. एक शेवटचं, मैत्रिणीकडच्या एचेव्हेरियाची अगदी खालची पानं वाळून कागदासारखी झालीत, तेही उन्हाने का?

कुंडीतला_माळी
नाही, खालची जुनी पानं एकेक करून वाळतातच, त्यातलं पाणी झाड वर ओढून घेतं. हाताने हळूच काढून टाका, आत पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) लपतो. पानं वाळलेली नसून पिवळी, पारदर्शक आणि हात लावताच गळून पडत असतील तर ते जास्त पाण्याचं लक्षण, मग कुंडीतून काढून मुळं बघायला सांगा.